पावसातली धूळ

हे खरं घडलेलं आहे. ज्याला पटायचं नसेल त्याने इथेच थांबावं. लोकांना पटवायचा नाद मी केव्हाच सोडलाय.

आणखी एक. अशी गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते, वाऱ्याने आपटणारं दार लागतं. माझ्याकडे तसलं काही नाही.

सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

ती वेळ माझ्या वेळपत्रकावर अजून आहे. शाईने लिहिलेली, खाली चौकीवालीची सही.

साल १९७७, एप्रिल महिना. आमचा देश दक्षिण गोलार्धातला, आमच्याकडे एप्रिल म्हणजे पाऊस आणि गारठा. जागा म्हणाल तर किंग कंट्री नावाचा आमचा डोंगराळ मुलूख, त्यातल्या ओहुरा गावामागच्या डोंगरातला मंगाहुई रस्ता. खडीचा, एका गाडीपुरता. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी.

मी ग्लेनिस थॉर्बी. तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. आठवडाभर मेंढ्यांचा ट्रक चालवायची आणि रविवारी रॅलीच्या शर्यतीतली गाडी. ट्रक चालवताना कुणी काही बोलत नसे. रॅलीत उतरले तेव्हा मात्र सगळ्यांना अचानक माझी काळजी वाटायला लागली.

त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या रॅलीचे गुण जगाच्या अजिंक्यपदात धरले जाणार होते. युरोपातले मोठे संघ आले होते. त्यांचे मेकॅनिक वेगळे, टायर वेगळे, स्वयंपाकीसुद्धा वेगळा. आल्या आल्या त्यांची कुरकुर सुरू झाली. रस्ता आधी दाखवा म्हणे. त्यांच्याकडे आठ-आठ दिवस आधी रस्ता फिरून वळण न् वळण लिहून घेतात.

आमच्याकडे असले लाड नव्हते.

आमच्याकडे रस्ता शेवटपर्यंत गुप्त. त्या दिवशी सकाळी एक वही हातात पडते, तेव्हा कळतं आज कुठे जायचंय. गाडीत शेजारी बसलेला नॅव्हिगेटर ती वही वाचतो. अमुक किलोमीटरवर फाटा, तमुक किलोमीटरवर पूल, इथे धोका. बाकीची वळणं ज्याची त्याने ओळखायची.

कशी ओळखायची?

धुळीवरून. पुढच्या गाडीने उडवलेली धूळ मानुकाच्या झुडपांवर कितीतरी वेळ लटकत राहते. धूळ डावीकडे वळली की रस्ता डावीकडे. धूळ सरळ, तर रस्ता सरळ. आमच्या भागातली माणसं डोळ्याच्या कोपऱ्यातून धूळ वाचतात. लहानपणापासून वाचतात, त्यात विचार करायला लागत नाही.

आणि माझ्या भावाइतकी धूळ वाचणारा त्या अख्ख्या मुलखात दुसरा नव्हता.

मर्व्ह. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मला गाडी त्यानेच शिकवली. "पुढच्याची धूळ दिसली ना, की मला वहीबिही काही लागत नाही," असं तो म्हणायचा. आणि मग शेजारी बसलेल्या सेल्विनकडे बघून डोळा मारायचा.

सेल्विन पोटाका. मर्व्हचा शाळेपासूनचा मित्र आणि त्याचा नॅव्हिगेटर. लोकर कातरायच्या शेडमध्ये काम करायचा. बोलणं कमी आणि अक्षर मोत्यासारखं.

१९७४च्या जुलैत आमच्या क्लबच्या एका छोट्या रॅलीत मर्व्ह मंगाहुई रस्त्यावरून दरीत गेला.

अकरा किलोमीटर दोनशे मीटरवर रस्ता एका चढावरून एकदम उजवीकडे वळतो. मर्व्ह वळला नाही. सरळ गेला.

सेल्विन वाचला. खांदा मोडला, दोन बरगड्या मोडल्या, पण वाचला.

मृत्यूची चौकशी झाली तेव्हा मी आणि आई पहिल्या ओळीत बसलो होतो. सेल्विन हात गळ्यात बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "मी उजवीकडे सांगितलं होतं. मर्व्ह म्हणाला, समोर धूळ आहे, पुढचा सरळ गेलाय."

खोलीत कुणीतरी हसलं.

कारण त्या दिवशी चार दिवसांचा पाऊस झाला होता. रस्त्यावर घोटाभर चिखल होता.

चिखलात कुठली धूळ?

सगळ्यांनी एकच अर्थ काढला. सेल्विन चुकला, डावं-उजवं विसरला, आणि आता मेलेल्या माणसावर ढकलतोय. क्लबचा अध्यक्ष कॉलिन ब्रेथवेट तर सगळ्यांसमोर म्हणाला, "निदान पटेल असं तरी खोटं बोल रे."

क्लबने त्याला काढून टाकलं. अंत्यविधीला तो आला तेव्हा फाटकापाशीच उभा राहिला. आईने त्याला आत येऊ दिलं नाही. मी खिडकीतून बघत होते आणि मलाही ते बरोबरच वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे. तीन वर्षं मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नाही.

मर्व्हच्या गाडीचं इंजिन दरीतून वर काढलं होतं. ते मी दुसऱ्या एका जुन्या एस्कॉर्ट गाडीत बसवलं. दोन हिवाळे गेले त्यात. आई म्हणाली, "तू पण जा एकदाची." मी गेले नाही, पण थांबलेही नाही.

जगाची रॅली येणार म्हटल्यावर मी नाव दिलं. दोन आठवडे आधी माझ्या नॅव्हिगेटरला गालगुंड झालं. दुसरं कुणी मिळेना. बाईची गाडी, त्यात मर्व्हचं इंजिन... सगळ्यांना त्याच आठवड्यात कामं निघाली.

एका संध्याकाळी सेल्विन हेल्मेट काखेत मारून आमच्या शेडच्या दारात उभा राहिला.

"मी बसतो," तो म्हणाला.

"तू?"

"दुसरं कोण आहे तुझ्याकडे?"

मी त्याला हाकलणारच होते. पण दुसऱ्या दिवशी बाजारात कॉलिन भेटला. त्याला आधीच कळलं होतं. मला म्हणाला, "त्याला शेजारी बसवणार असशील तर शवपेटीचं माप पण देऊन ठेव, ग्लेनिस."

झालं. मला कुणी असं सांगितलं की माझं डोकं फिरतं. घरी आले आणि सेल्विनला फोन केला. "शनिवारी सहा वाजता ये. उशीर केलास तर तुझ्याशिवाय जाईन."

खरं सांगायचं तर मी त्याला विश्वासाने घेतलं नव्हतं, हट्टाने घेतलं होतं. त्यालाही ते माहीत होतं.

रॅलीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी टाउमारुनुई गावात वही हातात मिळाली. पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. आम्ही गाडीत बसून टोस्ट खात होतो. सेल्विन पानं उलटत होता. एका पानावर थांबला.

थांबला तो थांबलाच.

"काय झालं?"

"काही नाही."

"काय लिहिलंय?"

त्याने वही माझ्यासमोर धरली. टप्पा अकरावा. मंगाहुई रस्ता. एकोणीस किलोमीटर.

मग त्याने वही मिटली.

"सोडून देऊ," सेल्विन म्हणाला. "गिअर अडकला म्हणून सांगू. कुणी काही बोलणार नाही."

"कॉलिन बोलेल."

"बोलू दे. मला सवय आहे."

"मला नाही. आणि करून घ्यायची पण नाही." मी टोस्ट खाली ठेवला. "सेल्विन, त्या दिवशी तू काय म्हणालास?"

तो माझ्याकडे वळला. "तीन वर्षं झाली. आज विचारतेयस."

"आज विचारतेय. सांग."

"उजवीकडे म्हणालो. तीन वेळा. तो म्हणाला, वेडा आहेस का, समोर धूळ दिसतेय, सरळ गेलेत ते."

"तू बघितलीस धूळ?"

"नाही. मी वर बघितलंच नाही. नॅव्हिगेटरने वही सोडून वर बघायचं नाही, हे त्यानेच मला शिकवलं होतं."

"म्हणजे तुला पण माहीत नाही धूळ होती की नव्हती."

"नाही," तो म्हणाला. "मला एवढंच माहीत आहे की मी उजवीकडे म्हणालो होतो."

मला पटलं? नाही. पण खोटं बोलणारा माणूस धूळ बघितली असं म्हणाला असता. ते एक माझ्या मनात अडकून राहिलं.

"आज मी सांगेन तसं करशील?" त्याने विचारलं.

"बघू," मी म्हटलं. दुसरं काही म्हणता आलं नाही.

टप्प्याच्या सुरुवातीच्या चौकीवर कॉलिनच प्रमुख होता. पिवळा रेनकोट, हातात छत्री, तोंडात पाइप. माझ्या खिडकीशी वाकला, पण बोलला सेल्विनशी.

"काय रे, डावा हात कुठला ते आठवतंय ना? की लिहून देऊ?"

सेल्विन वहीतच बघत राहिला.

"कॉलिन, तुझ्या छत्रीचं पाणी माझ्या मांडीवर पडतंय," मी म्हटलं. "सरक तिकडे."

तो सरकला. जाता जाता म्हणाला, "त्या वळणावर मी स्वतः पाटी ठोकलीय. पांढरीफेक. आंधळ्यालाही दिसेल."

ड्युल्सी नावाची शाळामास्तरीण वेळ लिहीत होती. तिने माझं वेळपत्रक आत दिलं. "तुझ्या पुढची गाडी सुटलीच नाही गं. त्या इटालियनांच्या इंजिनात पाणी गेलंय. त्यांच्या पुढचा जाऊन पाच मिनिटं झाली. तुला रस्ता मोकळा आहे."

हे नीट लक्षात ठेवा.

माझ्या पुढे पाच मिनिटं एकही गाडी नव्हती.

अकरा चाळीस. ड्युल्सीने बोटं दुमडली. पाच, चार, तीन, दोन, एक.

निघालो.

पहिले काही किलोमीटर मी फक्त शिव्या देत होते. आमच्याकडची करडी चिकणमाती ओली झाली की साबण परवडला. गाडी सरळ अशी चाललीच नाही, कायम तिरकी. चिखल बोनेटवर, चिखल काचेवर. वायपर तो इकडून तिकडे नुसता सारवत होते. हेल्मेटातल्या तारेतून सेल्विनचा आवाज कानात येत होता. सपाट, शाळेत हजेरी घेतात तसा. आधी किलोमीटर, मग मीटर.

"चार पाचशे. पूल."

"पूल."

"सहा दोनशे. डावीकडे फाटा, घ्यायचा नाही."

"नाही घ्यायचा."

मला मजा यायला लागली होती, खोटं कशाला बोलू. हातात मर्व्हचं इंजिन आणि समोर मर्व्हचा रस्ता. मनात म्हटलं, बघ, जातेय की नाही मी.

नऊ किलोमीटर झाले.

आणि पावसाचा आवाज थांबला...

टपावर तीन दिवस बडबडणारा पाऊस. एकदम गप्प.

मी वर बघितलं. ढग तसेच होते. झाडं ओली होती. दरडीवरून पाणी वाहत होतं. पण काचेवर थेंब पडत नव्हता.

मग वायपर करकरले.

कोरड्या काचेवर रबर घासतं ना, तो आवाज. कर्र... कर्र... कर्र...

मी वायपर बंद केले.

मग वास आला. भर उन्हाळ्यात, जानेवारीत, लाकडाचे ट्रक गेल्यावर रस्त्याला येतो तो. तापलेल्या मातीचा, घशात बसणारा.

एप्रिलच्या पावसात.

"सेल्विन," मी म्हटलं.

"नऊ आठशे. लांब डावं वळण."

वळणातून बाहेर पडले, आणि समोर...

धूळ.

पांढरट, उंच. झुडपांच्या वर लटकलेली. नुकतीच गाडी गेल्यासारखी ताजी.

धुकं नव्हतं ते. धुकं मी जन्मापासून बघतेय. धुकं बसलेलं असतं. ही उडत होती, पुढे पुढे जात होती. आणि तिच्या आत कुठेतरी एक इंजिन होतं. माझ्या इंजिनाच्या आवाजाखाली दुसरा आवाज. तोच आवाज, अर्धा श्वास पुढे.

"सेल्विन. समोर धूळ आहे."

तारेत काही आलं नाही.

एक क्षण. दोन.

तो वर बघेल असं मला वाटलं. कुणीही बघितलं असतं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. त्याची मान वहीतच होती. ओठ पांढरे पडले होते. बोट ओळीवर घट्ट दाबलेलं होतं.

"दहा सहाशे," तो म्हणाला. "चढ सुरू. सहाशे मीटरवर उजवीकडे. तीव्र."

धूळ सरळ वर चढत होती.

वेग कमी करायला हवा होता. माझा पाय उठत नव्हता. घाबरले म्हणून नाही, ते आधी समजून घ्या. धूळ दिसत होती म्हणून. धूळ दिसली की आमचा पाय उठत नाही. वीस वर्षांची सवय, आणि ती लावली मर्व्हने. पुढचा एवढ्या जोरात गेलाय म्हणजे रस्ता सरळ आहे, चांगला आहे. जा.

"दहा नऊशे. उजवीकडे, ग्लेनिस."

चढ संपत आला. पलीकडे नुसतं आभाळ. आणि त्या आभाळात धूळ. सरळ. अगदी सरळ. एवढासासुद्धा बाक नाही.

पाटी कुठे होती?

पांढरीफेक पाटी. आंधळ्यालाही दिसणारी.

नव्हती...

"अकरा. उजवीकडे."

माझे हात सरळ होते. माझे हात मर्व्हचं ऐकत होते.

"उजवीकडे," सेल्विन म्हणाला. ओरडला नाही. त्याच सपाट आवाजात, पण आता तो रडत होता. "उजवीकडे म्हणतोय मी. या वेळी तरी ऐक."

मला त्या क्षणी कसला राग आला ते सांगून कळायचं नाही. सेल्विनचा नाही. मर्व्हचा. माझ्या लाडक्या, डोळे मिचकावणाऱ्या, वहीबिही न लागणाऱ्या भावाचा. शेजारचा माणूस तीन वेळा सांगतोय आणि तू ऐकत नाहीस? तुझ्यापायी या माणसाने तीन वर्षं थुंकी झेलली.

"जा तू सरळ," मी मोठ्याने म्हटलं. "मी नाही येत."

आणि चाक उजवीकडे फिरवलं.

रस्ता दिसत नव्हता. समोर मला दरडच दिसत होती. मी दरडीवर गाडी घातली, एका माणसाच्या शब्दावर.

दरड नव्हती. रस्ता होता.

गाडी आडवी झाली. मागची बाजू डावीकडे गेली, गेली, गेली... आणि मागचं डावं चाक हवेत फिरायला लागलं. मोकळं. सेल्विनच्या खिडकीखाली काही नव्हतं. मी पाय दाबून ठेवला. मर्व्हचं इंजिन किंचाळलं. उजव्या चाकाला कुठेतरी दगड लागला, पकड मिळाली, आणि आम्ही रस्त्यावर परत आलो.

त्याच वेळी डाव्या कानाशी दुसरं इंजिन किंचाळलं.

चाकं जमिनीवरून सुटल्यावर इंजिन जसं मोकाट सुटतं, तसं. उंच, अजून उंच...

मग ते थांबलं.

मी आपटण्याची वाट बघितली. पडलेली गाडी आपटायला हवी ना.

आपटलीच नाही.

टपावर पाऊस परत सुरू झाला.

"अकरा दोनशे," सेल्विन म्हणाला. "झालं वळण."

उरलेले सात-आठ किलोमीटर मला आठवत नाहीत.

टप्प्याच्या शेवटी चौकीवाल्याने वेळ लिहिली आणि तो गाडीकडे बघतच राहिला. "तुम्ही कुठून आलात?" त्याने विचारलं.

आम्ही खाली उतरलो.

आधीच्या सगळ्या गाड्या तिथे एका रांगेत उभ्या होत्या. एकीचाही रंग दिसत नव्हता, नुसता चिखल. आमच्या गाडीच्या मागच्या बाजूलाही चिखलच होता.

पुढची बाजू कोरडी होती.

बोनेटवर, दिव्यांवर, वायपरच्या खाचेत बोटभर धूळ. पिठासारखी. पाऊस तिच्यावर पडत होता आणि थेंब वरच्या वर घरंगळत होते. ती भिजत नव्हती.

आई तिथेच होती, आमच्या मेकॅनिकबरोबर, थर्मास घेऊन. तिला टप्प्याचं नाव कळलं होतं. मला बघितलं तेव्हा ती आली नाही. आधी गाडीपाशी गेली. बोनेटवर हात ठेवला. हात उलटा करून बघितला.

"अगं, हे कोरडं आहे," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. चार वाक्यांत. सेल्विन बाजूला चाकाला टेकून बसला होता, हेल्मेट मांडीवर धरून.

आई त्याच्याकडे गेली. तिच्या आयुष्यात मी तिला कुणाची माफी मागताना बघितलं नव्हतं. तेव्हाही तिने शब्द काही उच्चारला नाही. थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला आणि त्याच्या हातात दिला. मग त्याच्याशेजारी चिखलात बसली. चांगला कोट घालून. त्याने एक घोट घेतला आणि मग त्याला हुंदका फुटला. आईने त्याच्या मोडलेल्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"मी उजवीकडे म्हणालो होतो," तो म्हणाला.

"हो," आई म्हणाली. "हो रे बाळा."

तासाभराने टप्पा बंद करून कॉलिन आला. मी त्याचीच वाट बघत होते. पुढच्या टप्प्याला उशीर होत होता, दंडाची मिनिटं चढत होती. चढू दे म्हटलं.

"हात लाव," मी म्हटलं.

"ग्लेनिस, तुझी वेळ..."

"हात लाव, कॉलिन. सगळ्यांसमोर."

त्याने बोनेटवर बोट फिरवलं. पाइप तोंडातून काढला.

"इंजिनाच्या उष्णतेने वाळलं असेल," तो म्हणाला.

"दिव्याच्या काचेवर? पुढच्या नंबरप्लेटवर? तुझी पांढरी पाटी पण उष्णतेने वितळली का?"

"पाटी आहे तिथे. सगळ्यांना दिसलीय."

"मला नाही दिसली. मर्व्हला काय दिसलं ते तुला सेल्विनने सांगितलं होतं. तू हसलास."

आजूबाजूला माणसं जमली होती. तो हळू आवाजात म्हणाला, "हे कुठे लिहू नकोस. वेड्यात काढतील तुला."

"काढू देत."

मी घटनेच्या नोंदीचा कागद मागितला. बोनेटवरच ठेवून लिहिला. काय बघितलं, कुठल्या किलोमीटरला, पुढे किती मिनिटं गाडी नव्हती. शेवटी लिहिलं की १९७४ साली सेल्विन पोटाकाने दिलेली साक्ष खरी होती. खाली सही केली. कॉलिनबरोबर आलेल्या ड्युल्सीने पाच मिनिटांच्या मोकळ्या रस्त्याबद्दल स्वतःहून सही केली. कॉलिनसमोर कागद धरला. त्याने तो दोनदा वाचला, पण सही त्याने केली. त्याचं एवढं मात्र मी मानते.

आम्ही सव्विसावे आलो. त्या लाडावलेल्या युरोपियनांतले निम्मे शेवटपर्यंत पोचले नाहीत.

क्लबने सेल्विनला पत्र पाठवून परत बोलावलं. त्याने ते पत्र चुलीत घातलं. पण माझ्या शेजारी तो पुढे सहा वर्षं बसला, आणि मी एकदाही "बघू" म्हटलं नाही.

आता तो नाही. आई नाही. कॉलिनही गेला. मी आहे, आणि ती बरणी आहे.

त्या दिवशी आईने जॅमच्या रिकाम्या बरणीत बोनेटवरची धूळ भरून घेतली होती. का, ते तिने कधी सांगितलं नाही. आता ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असते.

इतकी वर्षं मला एकच गोष्ट छळते. माझ्या पुढे मर्व्ह होता, हे मी जाणते. ते इंजिन माझ्या हाताखालून गेलेलं होतं, आवाज मी ओळखते. पण तो मला दरीत न्यायला आला होता, की सेल्विनला सोडवायला? तो मला चांगला ओळखत होता. मी धूळ बघितल्याशिवाय कुणाचं ऐकणारी नाही, हे त्याला माहीत होतं.

की आपण दरीत गेलोय हे त्याला अजून कळलंच नाहीये?

आणि १९७४ला त्याच्या पुढे कोण होतं... ते तर मी विचारतच नाही.

लोक म्हणतात, ती बरणी नदीत टाक. का टाकू? माझ्या भावाची आहे.

एरवी ती धूळ तळाशी बसलेली असते. पण सलग तीन दिवस पाऊस झाला की सकाळी उठून बघावं, तर बरणीत ती बसलेली नसते.

लटकत असते. झाकणापर्यंत...

मी घाबरत नाही असं नाही. पण मी चहाचा कप खाली ठेवते, खिडकीसमोर जाऊन उभी राहते, आणि दर वेळी तेच सांगते. मोठ्याने. ती खाली बसेपर्यंत.

"उजवीकडे, मर्व्ह. उजवीकडे."